डेबियनचा लीडर निवडतात कसा? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मार्च उजाडला की आमच्या लिनक्सवाल्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, की हे डेबियनवाले काय निवडणूक घेतायत आणि त्यात एवढं काय असतं. तेच तेच टाईप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक फेकायला बरं. मी स्वतः डेबियन डेव्हलपर नाही हे आधीच सांगतो. नुसता वापरणारा आहे, पण काही लोकांना ग्रामपंचायतीचे निकाल बघायचा नाद असतो ना, तसा मला हा नाद लागलाय.

डेबियन म्हणजे नक्की काय आणि त्याला लीडर कशाला लागतो?

फुकट आणि मोकळी ऑपरेटिंग सिस्टिम. उबंटू माहितीये ना, ती याच्याच पायावर उभी आहे. १६ ऑगस्ट १९९३ ला इयान मर्डॉक नावाच्या कॉलेजच्या पोराने सुरू केली, आणि नाव कसं ठेवलं तर गर्लफ्रेंडचं नाव डेब्रा आणि स्वतःचं इयान, दोन्ही जोडून डेबियन. मागे कुठली कंपनी नाही, ऑफिस नाही, पगार नाही. जगभरात पसरलेले साधारण हजारभर डेव्हलपर, त्यातले बरेचसे एकमेकांना कधी भेटलेलेही नाहीत, आणि तरी सगळे मिळून एक वस्तू बनवतात. आता हजार लोक म्हटल्यावर बाहेरच्यांशी बोलायला कोणीतरी हवं, पैसे खर्च करायला हो म्हणणारा कोणीतरी हवा, दोन टीम भांडल्या की मध्ये पडणारा हवा. म्हणून लीडर.

सुरुवातीला असं काही नव्हतं. मर्डॉकने १९९६ मध्ये सूत्रं ब्रूस पेरेन्सकडे दिली, पुढे १९९८ मध्ये इयान जॅक्सन आला, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हातात किल्ली द्यायची असा प्रकार. डिसेंबर १९९८ मध्ये लिखित घटना मंजूर झाली आणि तेव्हापासून दरवर्षी निवडणूक. हो, घटना म्हणजे घटनाच, कलमं-पोटकलमं असलेली.

म्हणजे लीडर सगळ्यांचा बॉस?

अजिबात नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. आपल्या डोक्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन असतो, ज्याने ग्रुप बनवला तो मालक, त्याला राग आला की तुम्ही बाहेर. डेबियनच्या घटनेत जवळजवळ सुरुवातीलाच लिहिलंय की प्रोजेक्टसाठी काम करायची सक्ती कोणावरही नाही. आता ज्याला कोणालाच "हे कर" असं सांगता येत नाही तो बॉस कसला?

लीडर करतो काय, तर एखादं काम एखाद्याला सोपवतो, त्याला डेलिगेट म्हणतात. पण गंमत पुढे आहे. एकदा सोपवलं की त्या डेलिगेटने घेतलेला निर्णय लीडरला फिरवता येत नाही, आणि "मी म्हणेन तसाच निर्णय घेणार असशील तरच तुला पद" अशी अटही घालता येत नाही. स्वतःलाच डेलिगेट नेमायचं तर तेही चालत नाही. लीडर, सेक्रेटरी (मतदान घेणारा) आणि टेक्निकल कमिटीचा (तांत्रिक वाद मिटवणारी समिती) अध्यक्ष ही तीन माणसं वेगवेगळीच लागतात. शिवाय घटना असंही सांगते की लीडर म्हणून निर्णय घेताना स्वतःचंच मत फार पुढे रेटू नये. आपल्याकडे हौसिंग सोसायटीच्या चेअरमनला हे कलम वाचून दाखवावं असं मला फार वाटतं.

उभं कोण राहू शकतं?

कुठलाही डेव्हलपर. सूचक नको, अनुमोदक नको, डिपॉझिट नको. स्वतःच स्वतःचं नाव द्यायचं, "मी उभा आहे" अशी सही केलेली मेल पाठवायची, झालं. दुसऱ्याने तुमचं नाव परस्पर पुढे ढकलायची सोय नाही, ते बरंच आहे, नाहीतर जो मीटिंगला आला नाही त्याच्या गळ्यात पद असं झालं असतं.

किती दिवस चालतं हे सगळं?

सहा आठवडे. पहिला आठवडा नावं द्यायला, पुढचे तीन प्रचाराला, शेवटचे दोन मतदानाला. नवीन लीडर एप्रिलच्या उत्तरार्धात सूत्रं घेतो आणि मुदत एक वर्ष.

पहिल्या आठवड्यात कोणीच नाव दिलं नाही तर?

तर आठवडा वाढवायचा. तरी कोणी नाही तर अजून एक. असंच, कोणी मिळेपर्यंत. हे नुसतं कागदावर नाहीये, २०१९ मध्ये खरंच झालं, मुदत संपली आणि उमेदवार शून्य. तेव्हा बऱ्याच ठिकाणी बातम्या आल्या की डेबियनला कोणी वाली नाही वगैरे. मग आठवडा वाढवला आणि एकदम पाच जणांनी नावं दिली, त्यातल्या एकाने नंतर मागे घेतलं, आणि सॅम हार्टमन निवडून आला. पंगतीत शेवटची जिलबी ताटात एकटी पडलेली असते, कोणी हात लावत नाही, आणि एकाने हात पुढे केला की पाच हात येतात, तसंच झालं ते.

प्रचार कसा करतात? पोस्टर, बॅनर, जेवणावळी?

कसल्या जेवणावळी. प्रत्येक उमेदवार एक लांबलचक निवेदन लिहितो, त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. मी कोण, काय करणार, वेळ किती देऊ शकतो, नोकरी काय आहे, सगळं. मग तीन आठवडे बाकीचे डेव्हलपर सगळ्यांसमोर प्रश्न विचारतात आणि सगळ्यांसमोरच उत्तरं द्यावी लागतात. प्रश्न पण कसले, "नवीन लोक का टिकत नाहीत", "साठलेले पैसे कशावर खर्च करणार", "दोन टीमचं भांडण मिटवायला तुम्ही कोणाला फोन करणार". हे सगळं कायमचं जपून ठेवतात, आज वीस वर्षांपूर्वीची उत्तरंसुद्धा बसून वाचता येतात. जाहीरनामा निकालानंतर गायब, हा प्रकार इथे जमत नाही.

ऑनलाइन आहे म्हटल्यावर बोगस मतदान होत नसेल? एकाने दहा अकाउंट काढले तर?

हा खरा प्रश्न आहे. बाकी सगळे नियम नंतर, आधी "एक माणूस, एक मत" हे सिद्ध कसं करायचं ते बघा. इथे मतदार ओळखपत्र म्हणजे एक डिजिटल चावी, जीपीजी की म्हणतात. ती कोणीही स्वतःची स्वतः बनवू शकतो, पण तिला किंमत कधी येते, तर आधीपासून डेव्हलपर असलेल्या लोकांनी तिच्यावर सही केली की. आणि रीत अशी की सही करण्याआधी प्रत्यक्ष भेटायचं, पासपोर्ट वगैरे बघायचं.

तर कॉन्फरन्समध्ये चहाच्या वेळेत ही माणसं जोडीजोडीने उभी असतात, एकाच्या हातात पासपोर्ट, दुसऱ्याच्या हातात बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी. चिठ्ठीवर त्या चावीचा फिंगरप्रिंट छापलेला, चाळीस अक्षरं-आकडे, चार-चारचे गट पाडून. फोटो बघायचा, तोंड बघायचं, चिठ्ठी खिशात टाकायची, घरी जाऊन ती चाळीसच्या चाळीस अक्षरं जुळली तरच सही करायची. २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक कॉन्फरन्स कोचीला झाली होती, म्हणजे आपल्या लोकांना ही भेटगाठ त्या वर्षी रेल्वेच्या तिकिटात जमण्यासारखी होती.

बरं, नुसत्या सह्या गोळा करून भागत नाही. आधी काम करून दाखवायचं, मग लांबलचक तपासणी, मग डेव्हलपर. एवढं करून एकाने दहा खोटी माणसं उभी करायची म्हणजे दहा पासपोर्ट आणि दहा जन्मांचं काम. मला तरी वाटतं, जगात कुठल्याही ऑनलाइन मंडळीने मतदारयादी एवढी कडक क्वचितच ठेवली असेल.

मी डेबियन वापरतो, मला मत आहे का?

नाही. मलाही नाही. कोड न लिहिणारे पण भाषांतर, डॉक्युमेंटेशन, डिझाइन असलं काम करणारे डेव्हलपर होऊ शकतात आणि त्यांना पूर्ण मत असतं, तो रस्ता उघडा आहे.

मत देतात कसं? बटण दाबून?

ईमेलने. मतपत्रिका म्हणजे साधा मजकूर. प्रत्येक उमेदवाराच्या नावासमोर चौकोनी कंस असतात, त्यात आकडा भरायचा. आवडत्याला १, त्याच्या खालोखाल २, असं. दोघांना सारखाच आकडा दिला तरी चालतो. कोणाचा कंस रिकामा सोडला तर तो सगळ्यात खाली धरतात. मग आपल्या चावीने सही करून पाठवायचं. पलीकडे डेव्होटी नावाचा प्रोग्रॅम बसलेला असतो, तो सही तपासतो आणि "मिळालं बरं का" अशी पोच पाठवतो. मत बदलायचं असेल तर मुदतीच्या आत परत पाठवा, शेवटचं धरलं जातं. हे मला फार आवडतं, आपल्याकडे केंद्रातून बाहेर आल्यावर पश्चात्ताप झाला की पाच वर्षं बसा.

आकडे कशाला? ज्याला जास्त मतं तो जिंकला, सरळ हिशोब का नाही?

थांबा, इथे जरा वेळ घालवू.

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये एकदा पोल घेतला होता, पुढच्या वर्षी सगळं कोण बघणार म्हणून. नावं बदलतो आणि आकडे जुळवून सोपे करतो. एकवीस जण, तीन उमेदवार. रमेशला पाहिजे की रात्री गडाखाली शेकोटी, गाणी, निवांत दहाला उठायचं. सुमन आणि तुषार दोघंही पहाटे चारला निघणारे, शिस्तीतले. नऊ जणांची पसंती रमेश, मग तुषार, मग सुमन. सात जणांची सुमन, मग तुषार, मग रमेश. पाच जणांची तुषार, मग सुमन, मग रमेश.

नुसतं एक बोट दाबायचा पोल घेतला तर रमेश ९, सुमन ७, तुषार ५. रमेश जिंकला. पण एकवीसपैकी बारा जणांना रमेश सगळ्यात शेवटी हवा होता! पहाटवाल्यांची मतं दोघांत फुटली, बाकी काही नाही. आमच्याकडे नेमकं हेच झालं आणि चार महिन्यांत दुसरा ग्रुप निघाला.

आता विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलं असेल तर आठवेल, तिथे पण १, २, ३ लिहितात. तिथली मोजणी अशी की सगळ्यात कमी पहिल्या पसंतीवाल्याला बाद करायचं आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची. तुषार बाद, त्याची पाच सुमनला, सुमन १२, रमेश ९. सुमन जिंकली.

डेबियनची मोजणी अजून वेगळी. तिथे प्रत्येकाची प्रत्येकाशी कुस्ती लावतात. रमेश विरुद्ध सुमन, किती मतपत्रिकांवर कोण वर आहे? १२ विरुद्ध ९, सुमन. रमेश विरुद्ध तुषार, परत १२–९, तुषार. सुमन विरुद्ध तुषार, नऊ रमेशवाले आणि पाच स्वतःचे मिळून तुषारकडे १४, सुमनकडे ७. तुषारने दोन्ही कुस्त्या मारल्या, तुषार जिंकला.

तीच एकवीस माणसं, तीच पसंती, तीन पद्धती, तीन वेगळे विजेते. पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा मी दोनदा बेरीज तपासली होती. तर "सरळ हिशोब" असं काही नसतं, कुठला हिशोब वापरायचा हाच निम्मा निर्णय असतो, आणि म्हणून तो माणसं उभी राहायच्या आधी ठरवायचा असतो.

आणि कुस्त्यांचं दगड-कागद-कात्री झालं तर? अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, क ने अ ला?

होऊ शकतं असं. मग जी हार सगळ्यात कमजोर, म्हणजे सगळ्यात थोडक्यातली, ती पुसून टाकायची आणि परत बघायचं. याला शुल्झ पद्धत म्हणतात, २००३ पासून डेबियनच्या घटनेत आहे. खोलात शिरायचं तर गणित आहे, पण मतदाराला त्यातलं काही करावं लागत नाही, त्याने फक्त पसंती लिहायची.

नोटा आहे का?

आहे, आणि खरा आहे. प्रत्येक मतपत्रिकेवर शेवटी "वरीलपैकी कोणी नाही" हा पर्याय असतोच, आणि तोही बाकीच्यांसारखाच कुस्तीत उतरतो. जो उमेदवार त्याच्याकडून हरला तो बाद. नोटाच जिंकला तर अख्खी निवडणूक पहिल्यापासून परत, आणि लागेल तितक्या वेळा परत.

आपल्याकडचा नोटा २०१३ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आला, पण विधानसभा-लोकसभेला त्याला दात नाहीत. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता, सत्तावीस हजारांच्या वर मतं, आणि समजा पहिला आला असता तरी त्याच्या खालचा उमेदवारच आमदार झाला असता. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. म्हणजे या बाबतीत आपली ग्रामपंचायत लोकसभेपेक्षा डेबियनच्या जास्त जवळ आहे, बघा.

पसंतीक्रमात नोटाचा अजून एक उपयोग. चार उमेदवारांपैकी दोन चालतील, दोन मुळीच नकोत, तर चालणारे १ आणि २, नोटा ३, आणि नको असलेले त्याच्या खाली. एका मतात "हा हवा" पण सांगता येतं आणि "हा नकोच" पण.

कोरम लागतो का?

लागतो, आणि सूत्र मजेशीर आहे. एकूण डेव्हलपरांच्या संख्येचं वर्गमूळ, त्याचं अर्धं, त्याची तिप्पट. हजार धरले तर वर्गमूळ ३१.६, अर्धं १५.८, तिप्पट ४७.४. म्हणजे उमेदवार किमान ४८ मतपत्रिकांवर नोटाच्या वर पाहिजे. वर्गमूळ अशासाठी असावं की मंडळी वाढली तरी कोरम त्याच वेगाने वाढून अशक्य होऊ नये. आपल्या सोसायटीची वार्षिक सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब करून त्याच जागी परत भरवतात, त्यापेक्षा हे बरं.

उमेदवार एकच असेल तर बिनविरोध?

बिनविरोध हा शब्दच त्यांच्याकडे नाही. एकटा असला तरी मतदान होतं, नोटाच्या विरुद्ध. २०११ ला स्टेफानो झाकिरोली, २०१६ ला मेहदी दोगी, २०२३ ला जोनाथन कार्टर, तिघंही एकटेच उभे होते आणि तिघांनाही नोटाला हरवूनच यावं लागलं.

मत गुप्त असतं का? आणि गुप्त असेल तर माझं मत मोजलं हे कळणार कसं?

गुप्त, निकालानंतरही गुप्तच. पण पोचेच्या मेलमध्ये तुम्हाला एक गुप्त खूण मिळते. निकालानंतर सगळ्या मतांची यादी जाहीर होते, नावं नाहीत, प्रत्येक मतासमोर त्या खुणेवरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची एक ओळ, तिला हॅश म्हणतात. तुमची खूण वापरून तुम्ही तुमची ओळ शोधायची आणि आकडे बरोबर आहेत ना बघायचं. उरलेली यादी घेऊन पाहिजे तर सगळी मोजणी घरी परत करा.

लीडरची निवडणूक पहिल्यापासून गुप्त, पण बाकीच्या ठरावांवर कोणी काय मत दिलं हे आधी नावानिशी छापायचे. २०२१ मध्ये मोकळ्या सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या बोर्डावर परत घेतलं, त्यावर डेबियनमध्ये ठराव आला, वातावरण फार तापलं, नाव छापलं तर बाहेरचे लोक त्रास देतील अशी भीती बऱ्याच जणांना वाटली, आणि २०२२ मध्ये घटना बदलून सगळीच मतदानं गुप्त केली. घटना बदलायला तीनास एक बहुमत लागतं, म्हणजे हे काही सहज झालं नाही.

लीडर आवडला नाही तर मध्येच काढता येतो?

येतो. ठराव आणायचा, साधं बहुमत. २००६ ला असा प्रयत्न झाला होता. तेव्हाचा लीडर अँथनी टाउन्स आणि काही जणांनी मिळून रिलीज, म्हणजे डेबियनची नवी आवृत्ती, वेळेवर व्हावं म्हणून ते सांभाळणाऱ्या रिलीज मॅनेजरांना पैसे द्यायची वेगळी योजना काढली. झालं, स्वयंसेवकांच्या घरात काहींना पगार आणि काहींना नाही, यावरून रान पेटलं. काढायचा ठराव मतदानाला गेला आणि पडला, लीडर राहिला.

माणूस न काढता नुसता निर्णय अडवायची पण सोय आहे. दहा डेव्हलपर ठरावाच्या पाठीशी उभे राहिले आणि ठरावात तसं लिहिलं असेल तर लीडरचा निर्णय मतदान होईपर्यंत जागच्या जागी थांबतो. हजारात दहा! लीडरला नुसता हा नियम माहीत असला तरी तो आधी चार जणांना विचारून घेतो.

पगार?

नाही. प्रवासखर्च वगैरे मिळतो, बाकी आपलं घर सांभाळून करायचं.

किती वेळा उभं राहता येतं?

कितीही. जोनाथन कार्टर, दक्षिण आफ्रिकेचा, २०२० पासून सलग चारदा. त्याच्यानंतर २०२४ ला जर्मनीचा आंद्रेआस टिले, २०२५ ला परत तोच. पण बहुतेक जण एक-दोन वर्षांत दमतात, प्लॅटफॉर्म वाचले की कळतं का ते.

भारतातून कोणी उभं राहिलंय का?

हो, केरळच्या श्रुती चंद्रन. २०२५ पर्यंत चार वेळा, २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ ला. चारही वेळा दुसरे निवडून आले.

मराठी विकिपीडियावरही असंच असतं का?

नाही, तिथे लीडर हे पदच नाही. प्रचालक असतात, त्यांच्यासाठी कौल घेतात, लोक पाठिंबा-विरोध कारणासकट लिहितात, तेही उघड, नावानिशी. वेगळी संस्कृती आहे ती, तिथे मोजणीपेक्षा चर्चा मोठी.

आमच्या छोट्या ग्रुपला यातलं काय घेता येईल?

चाव्या-बिव्या सोडून द्या, तीस जणांच्या ग्रुपला सगळे एकमेकांना तोंडाने ओळखतात. पसंतीक्रम घ्या, कागदावर कुस्त्या मोजायला पंधरा मिनिटं लागतात. नोटा घ्या. मुदत एक वर्ष ठेवा, कारण तहहयात अ‍ॅडमिनला "आता बास" म्हणायला कोणालाच जमत नाही, वर्ष संपलं की कोणाला काही म्हणावं लागत नाही. आणि मोजणी उमेदवाराने करायची नाही. आमच्या त्या ट्रेकवाल्या पोलमध्ये पोल टाकणारा रमेशच होता.

निवडणूक रखडली आणि लीडरच नसला तर काम बंद पडतं का?

पडत नाही. तोपर्यंत सेक्रेटरी आणि टेक्निकल कमिटीचा अध्यक्ष दोघं मिळून लीडरच्या जागी निर्णय घेतात, पण दोघांचं एकमत झालं तरच. बाकीचे आपापली सॉफ्टवेअरची पॅकेज बनवत असतातच, त्यांना तसंही कोणी सांगितलेलं नसतं.